नकाराची जागा

चिकोडी कोर्टाच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली
माझं टेबल. टाइपरायटर जुना,
त्याचं टी अक्षर जरा वर उडतं,
म्हणून माझे सगळे 'टू'
ओळीतून उठून निघाल्यासारखे दिसतात.

हंजी वकिलांनी कच्चा मसुदा सांगितला, मी टंकला:
टू नेव्हर एंटर.
शेजारी कोरे सर. इंग्रजीचे, निवृत्त.
रोज इथं येऊन बसतात, कारण घरी
त्यांच्यासमोर कुणी चुका करत नाही.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
'विमल, टू आणि क्रियापद म्हणजे नवरा-बायको.
मध्ये कुणी बसायचं नाही.
नेव्हर टू एंटर. नकार पुढं काढ, बाहेर उभा कर.'
वकील म्हणाले, 'आता चालतंय, सर.'
'चालतंय. खरं कानाला टोचतंय.'
(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या पाव्हण्यांना दरवेळी सांगावं लागतं.)

मी 'नेव्हर'वर व्हाइटनर लावला
आणि फुंकर घालत बसले.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो आदगोंडा
चपला काढून उभा, हातातला स्टॅम्पपेपर घामानं मऊ.
सदलग्याचा. दूधगंगेवरची मोटर, सहा इंची पाइप
आणि एक थोरला भाऊ.
वकिलांनी इंग्रजीतला एक वाक्प्रचारही घातला होता,
पुन्हा दार अंधारं न करण्याचा.
आदगोंडानं विचारलं,
'दारात माणूस आला की उजेड अडतोय, त्येवढंच न्हवं?'
'तेवढंच,' सर म्हणाले. 'अगदी तेवढंच.'

मग त्याला म्हणाले, सही करायच्या आधी
काय लिहिलंय ते तुझ्या तोंडानं म्हण बघू.
तो म्हणाला,
'मी, आदगोंडा भीमगोंडा पाटील,
थोरल्याच्या दारात
ह्येच्यापुढं
कधी पाय ठेवणार'

आणि थांबला. ठसका लागला म्हणाला.
पाणी दिलं. मग घरातल्या भाषेत, कन्नडमधून:
'अण्णन मनीगे ना एंदू होगंग'
आणि तिथंही 'इल्ला' आलं नाही.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शपथा बडवते.
इंग्रजीत दार आधी लागतं, मग माणूस निघतो.
आमच्यात माणूस निघतो,
पाणंद, पिठाची गिरणी, थोरल्याचा गोठा,
वहिनी अंगणात काहीतरी वाळत घालतेय,
तो पार उंबऱ्याशी पोचतो
आणि तिथं त्याला 'नाही' भेटतं.
कन्नडचंही तेच. पाट्यांवरून एवढी भांडणं,
खरं दोघींनी नकार
शेवटालाच ठेवलाय.

सर म्हणाले, 'आपल्याकडं "न" आहे की. न येणे, न बोलणे.
तो पुढंच येतो, क्रियापदाला चिकटून.'
हो, आहे.
खरं तो कागदावर.
भावाला कोण म्हणतं, 'मी न येण्याचे ठरविले आहे'?

वकिलांचा पुकारा झाला, ते आत गेले.
आदगोंडानं मशीनमधला कागद मागितला,
वाचून दाखवतो म्हणाला कुणाला तरी. कुणाला, ते नाही.
तीस रुपये झाले होते. त्यानं पन्नासची नोट ठेवली
आणि चपला हातातच घेऊन गेटपर्यंत गेला.

सर पुन्हा पेपरात.
माझ्या लक्षात आलं ते दुपारच्या चहाला:
व्हाइटनर वाळायच्या आतच कागद गेला.
पुढं काढायचा नकार मी पुढं टंकलाच नव्हता.
टू,
मग एक पांढरा डाग,
मग एंटर.

त्याचे वीस रुपये माझ्याकडं आहेत.
घ्यायला अजून आलेला